ताईंना विचारा: कडी लावून कामाला जाते, चुकतंय का माझं?

प्रश्न: ताई, मी वागळे इस्टेटच्या चाळीत राहते, वर्तकनगरच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करते. सासूबाई ७२ वर्षांच्या, वर्षभर झालं विसरतात, जेवून उठल्या की परत ताट मागतात, मला बहिणीच्या नावाने हाका मारतात. मागच्या महिन्यात सार्वजनिक संडासला गेल्या आणि परतायची गल्लीच सापडेना, पार नाक्यावर मिळाल्या. तेव्हापासून बाहेरून कडी लावून जाते, शेजारणी नावं ठेवतात. माझ्या एका कामावरच्या आजोबांना पण डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार आहे, त्यांना दिवसाची एक आया, रात्रीची वेगळी. मी आया पुरवणाऱ्या ब्युरोत विचारलं तर १२ तासांचे ७०० म्हणाले! दवाखान्यात डॉक्टरांनी तारीख विचारली, एक वाक्य लिहा म्हणाले, तर सासूबाई म्हणतात मी शाळेत गेले कधी? मग डॉक्टर म्हणाले वय झालंय. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी शेजारणींचं बघू. नावं ठेवणारीलाच विचारा, दुपारी अर्धा तास येऊन बसशील का, बघा कशा गप्प होतात (एखादी हो पण म्हणेल, तिला धरून ठेवा). पण कडीची भीती मलाही वाटते, आग लागली, त्या पडल्या तर दार उघडणार कोण? म्हणून कुलूप अजिबात नको, कडी लावलीच तर समोरच्या घरी सांगून जा, गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा, काडेपेटी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. तुम्ही कामाला निघायच्या आधी आणि आल्या आल्या त्यांना संडासला घेऊन जा, मधल्या वेळेला घरात बादली ठेवा. आणि तुमचा मोबाईल नंबर ब्लाऊजच्या आतून दोऱ्याने शिवून टाका, चिठ्ठी दिली तर फेकतील.

आता ते 'वय झालंय'. वय झालं की माणूस चष्मा कुठे ठेवला ते विसरतो, रोजची गल्ली नाही विसरत. न शिकलेल्या बाईला लिहायला लावलं की चांगली असली तरी नापास, आणि खरंच आजारी असेल तर अडाणी आहे म्हणून सोडून देतात. वास्तविक निरक्षर म्हाताऱ्यांसाठी वेगळी चाचणी आपल्याच देशात, हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी बनवलेली आहे. २०२३ मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या अभ्यासात साठीपुढच्यांत ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, बायकांत आणि कमी शिकलेल्यांत जास्त, आणि नेमकं त्यांनाच वय झालंय सांगून घरी पाठवतात याचा मला राग येतो.

तेव्हा कळव्याच्या महापालिका रुग्णालयात मानसोपचार ओपीडीला न्या. तारीख राहू दे, तुम्हीच सांगा: चहा जमतो का, सुट्टे पैसे मोजता येतात का, माणसं ओळखतात का, आणि हे कधीपासून. बी-१२ व्हिटॅमिन, थायरॉईड तपासायला सांगा, उदासपणाचंही विचारा, कारण त्यामुळेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारतं. कान पण दाखवा, ऐकू कमी येणारं माणूस उगाच वेडं ठरतं.

पैशाचं मात्र गोड बोलता येणार नाही मला. ७०० रोजाने महिन्याचे २१,००० होतात, आणि म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची जी अट आहे ती पण २१,००० च, फक्त वर्षाची! म्हणजे चार घरची कामं केलीत की तुम्ही त्यात बसणारच नाही, आणि बसलात तरी १,५०० महिना, आयाचे दोन दिवस. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात, पण ते ॲडमिट झाल्यावर, आया आणि डायपर त्यात येत नाहीत. अडलंच तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, आणि तुम्हालाच रडू येत असेल, झोप लागत नसेल तर १४४१६ ही मनाच्या त्रासाची हेल्पलाईन लावा, फुकट आहे.

अजून एक, त्या आजोबांच्या दिवसाच्या आयाशी ओळख काढा. आंघोळीला नाही म्हणाले तर काय करते, 'घरी जायचंय' म्हणून दाराशी उभे राहिले तर काय बोलते, हे तिला रोजच्या सवयीने माहीत आहे, आणि चहा पिता पिता ती सांगेल.