होमिओपॅथीला प्रवेश घेताना काय पाहावे?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली, ‘नीट’मध्ये मात्र एमबीबीएसला पुरेल इतके गुण पडले नाहीत. होमिओपॅथी शिकून गावातच दवाखाना टाकायचे तिच्या मनात आहे. ओळखीचे एक गृहस्थ घरबसल्या मिळणारी पदविका सुचवतात. काय करावे?
– एक शेतकरी पालक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : पदविकेचा विषय आजच सोडून द्यावा. दवाखाना चालवायचा तर महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेत नोंदणी लागते, आणि पत्रव्यवहाराने मिळवलेल्या कागदावर ती होत नाही. त्यासाठी बीएचएमएस ही होमिओपॅथीची पदवी लागते; हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते. त्याचा प्रवेशही ‘नीट’च्याच गुणांवर, राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्यांमधून होतो.

महाविद्यालये नागपूर, अमरावती, अकोला येथे आहेत. बहुतेक सर्व नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असल्याने अभ्यासक्रम आणि परीक्षा सारख्याच. फरक पडतो तो रुग्णालयात. म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वी, तपासणी पथक येणार नसेल अशा एखाद्या साध्या दिवशी, सकाळी बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावे, रुग्ण खरोखर येतात का आणि विद्यार्थी त्यांचा इतिहास स्वतः लिहून घेतात का हे पाहावे, आणि जमल्यास आंतरवासितेतील मुलींशी वसतिगृहात बोलावे. इमारत चकचकीत आणि ओपीडी ओस, असे महाविद्यालय घराजवळ असले तरी टाळावे.

व्यवस्थापन कोट्याच्या, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांच्या, आमिषाला भुलू नये. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क 2024-25 पासून शासन भरते, परंतु प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झाला असेल तरच.

दोन गोष्टी मुलीला स्पष्ट सांगाव्यात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये, कोणत्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. हा वाद ठाऊक असूनही तिला हाच मार्ग हवा असेल, तरच पुढे जावे. दुसरे, पुढे एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे लिहिता येतील, असे पुष्कळ जण सांगतील. त्यासाठी राज्याने 2014 मध्ये कायदा बदलला खरा, पण ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेचा त्याला विरोध असून प्रकरण न्यायालयात गेलेले आहे, तेव्हा त्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

मुलगी राखीव प्रवर्गातील असल्यास जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तातडीने करावा, कारण त्यात बराच वेळ जातो.