ट्रॅकवर लांब डाव्या वळणात ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो. जाड ऑइल टाकलं तर थांबेल का?

नाही, थांबणार नाही. जो कोणी तुम्हाला जाड ऑइलचा सल्ला देतोय, त्याने वळणातला प्रेशरचा ग्राफ कधी पाहिलेला नाही.

तुम्ही लिहिलंय की सेमी-स्लिक (रस्त्याला जास्त चिकटणारे ट्रॅकचे) टायर लावल्यापासून हे सुरू झालं आणि गाडी सरळ झाली की दिवा विझतो. आमच्या गाडीचं हेच दुखणं होतं. गाडी माझी आणि एका मित्राची, भागीदारीत. त्याचा हेका एकच, ग्रेड वाढव, म्हणजे जाड ऑइल भर. 5डब्ल्यू-40 काढून 10डब्ल्यू-60 भरलं, सरळ पट्ट्यावर काटा वर गेला, तो खूश. मी मात्र ऑइल गॅलरीला, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेला, वेगळा सेन्सर बसवून नोंदी ठेवणारा लॉगर जोडला आणि आरपीएम, जी-फोर्स (वळणात बाजूला ढकलणारा जोर), प्रेशर एकाच ग्राफवर घेतले. सरळ पट्ट्यावर 6500 आरपीएमला 70 पीएसआय. लांब डाव्या वळणात 1.1 जीच्या वर गाडी जरा वेळ टिकली की तीच रेष 15 वर कोसळायची, आणि स्टिअरिंग सरळ झालं की परत वर. डॅशबोर्डवरचा काटा एवढ्यात जेमतेम हलायचा.

मित्र म्हणाला, सेन्सर गंडलाय. नवा बसवला, ग्राफ तोच. तितक्याच वेगाच्या उजव्या वळणात मात्र रेष ढिम्म. सेन्सर काय डावं-उजवं बघून बिघडतो? डाव्या वळणात इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल उजव्या भिंतीवर चढतं, पिकअपची (पंपाला ऑइल ओढून देणाऱ्या नळीची) जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. हवेला ग्रेड नसतो. उलट जाड ऑइल इंजिनाच्या वरच्या भागातून, हेडमधून, खाली उतरायला जास्त वेळ घेतं, म्हणजे नेमकं तेव्हाच चेंबरमध्ये ऑइल आणखी कमी.

शेवटी चेंबर उतरवून क्रँकवरची रॉड बेअरिंग काढली. बेअरिंगच्या एका शेलचा (अर्धगोल पत्र्याचा) वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं, नख फिरवलं की ओरखडे लागत होते. क्रँक वाचला, तो ग्राफ वेळेवर हातात आला म्हणून. ते शेल हातात धरूनही मित्र म्हणाला, ऑइलच हलकं असणार!

मग पिकअपभोवती बॅफल (ऑइल अडवणारे आडोसे) आणि पिकअपकडेच उघडणाऱ्या झडपा असलेलं चेंबर बसवलं, क्रँकपासून ऑइल वेगळं ठेवणारा विंडेज ट्रे टाकला, 5डब्ल्यू-40 परत भरलं. आता त्याच वळणात, त्याच टायरवर, रेष 55 च्या खाली जात नाही. ग्रेड बदलून हे झालं असतं असं अजून कोणाला वाटत असेल, तर दोन्ही ग्राफ माझ्याकडे आहेत.

तुमचा दिवा ही सूचना नाही, तो उशिरा आलेला निरोप आहे. कंपनीचा स्विच बऱ्याच गाड्यांत प्रेशर 10 पीएसआयच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. रेसिंगवाल्यांचा जुना हिशेब आहे दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय. त्या हिशेबाने तुम्ही दिवा दिसण्याच्या कितीतरी आधी धोक्यात असता. आरपीएमप्रमाणे बदलणारा अलार्म लावा आणि तो वाजला की लगेच थ्रॉटल सोडा.

अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे प्रेशर पडलं की साठवलेलं ऑइल इंजिनात सोडणारी टाकी, चांगला, पण त्यात दोन-तीन लिटरच ऑइल मावतं. प्रेशर क्षणभर पडलं तर पुरतं, लांब वळणभर नाही. पूर्ण स्लिक आणि मोठा विंग लावणार असाल तर बॅफलही कमी पडेल, तिथे ड्राय संपच, म्हणजे ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी व्यवस्था. पोर्शे 911 जीटी3 कारखान्यातूनच ड्राय संप घेऊन येते ती हौस म्हणून नाही. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा, पण अंदाधुंद जास्त भरू नका. क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो.

हो, ऑइल 130 अंशांच्या पुढे तापत असेल तर ते पातळ होऊनही प्रेशर पडतं. तिथे आधी कूलर, मग हवी तर एक ग्रेड वर. आणि सरळ पट्ट्यावरही प्रेशर कमी असेल तर दुखणं वेगळं: पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा झिजलेली बेअरिंग.

फिल्टर आजच कापून घड्या उघडून बघा. चकाकणारे कण दिसले तर पुढच्या ट्रॅक डेआधी रॉड बेअरिंग उघडा. नसले तरी बॅफल बसेपर्यंत सेमी-स्लिक काढून साधे टायर लावा.