पशुपालकांचे प्रश्न : चराईचे गवत तपासताना

प्रश्न : आमच्या गावची गुरे पावसाळ्यापासून ई-क्लास (चराईसाठी राखलेल्या सरकारी) जमिनीवर आणि लगतच्या झुडपी जंगलात चरतात. दिवाळीनंतर गायी चिंध्या, दोऱ्या, हाडके चघळू लागतात आणि वेळेवर माजावर येत नाहीत. दुकानदार दरवर्षी नवे खनिज मिश्रण देतो, पण फरक जाणवत नाही. माती तपासावी, गवत तपासावे की गायीचे रक्त? नमुना कसा घ्यावा?
– एक पशुपालक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : या तिन्हींमध्ये आधी गवत तपासावे. मातीच्या अहवालावरून गवतात काय उतरले ते कळत नाही. आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त असले तरी सामू (पीएच) ८ च्या वर गेला की ते मुळांना पुरेसे मिळत नाही. रक्ताचेही तसेच आहे. तांब्याचा साठा यकृतात असतो आणि तो जवळजवळ संपेपर्यंत रक्तातील प्रमाण ठीकच दिसते, त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबणे योग्य नाही.

नमुना घेण्यात बहुतेकांची चूक होते ती अशी, की कुंपणाकडेचे हाती लागेल ते गवत उपटून पाठवले जाते. गाय मात्र निवडून खाते. म्हणून तासभर गुराख्याबरोबर फिरावे, गायी मारवेल किंवा पवना कुठवर तोडतात आणि कुसळी फुलोऱ्यावर आल्यावर कशी टाळतात ते पाहावे, आणि त्याच गवताचा तेवढाच शेंडा स्टीलच्या कात्रीने कापावा. माळावर नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणांहून मूठमूठ गवत घ्यावे. शेणाच्या जागा, रस्त्याची कड आणि गुरे ज्यांच्याखाली बसतात त्या झाडांची जागा वगळावी. मुरमाड टेकडी आणि नाल्याकाठची काळी जमीन यांचे नमुने वेगळे ठेवावेत. मुळाला चिकटलेली माती आली तर लोहाचा आकडा फुगतो आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गवत गोळा केले तर जस्ताचा, म्हणून स्वच्छ कापडी पिशवी वापरावी. सर्व गवत मिसळून त्यातले सुमारे अर्धा किलो सावलीत वाळवावे आणि कागदी पिशवीत ठिकाण, तारीख व गवताची अवस्था लिहून पाठवावे. ओले गवत प्लास्टिकमध्ये बांधल्यास ते वाटेतच कुजते. एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारीत असे दोन नमुने घेतले तरच तुलना करता येते. नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या पशुपोषणशास्त्र विभागात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आधी चौकशी करून मगच नमुना न्यावा.

अहवालातील आकडे कोरड्या पदार्थावर काढलेले आहेत ना, हे आधी पाहावे, कारण पावसाळी गवतात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. त्यानंतर खनिजांकडे न वळता प्रथिने पाहावीत. क्रूड (म्हणजे एकूण) प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातील जिवाणूंना नत्र (नायट्रोजन) कमी पडते, तंतू नीट पचत नाहीत आणि गायीचे खाणेच घटते. पोट भरलेले दिसते, पण अंगाला काही लागत नाही. बी धरून वाळलेले गवत बहुधा या मर्यादेखालीच असते. गवळाऊसारख्या काटक गायीत ही उपासमार उशिरा नजरेस येते, हेही लक्षात ठेवावे.

खनिजांपैकी आपल्या वर्णनावरून पहिला संशय स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेचा येतो. गवत पक्व होताना त्यातील स्फुरद दाण्याकडे व मुळांकडे जातो, कॅल्शियम मात्र पानांत राहते. मोठ्या गायीच्या आहारात स्फुरद सुमारे ०.२ टक्के तरी असावा आणि दुभत्या गायीला त्याहून अधिक लागतो. तांबे किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास असावे. मात्र मॉलिब्डेनम, गंधक किंवा लोह जास्त असल्यास तेही अंगी लागत नाही, म्हणून या तिन्हींचे आकडेही मागून घ्यावेत. हाडके चघळणाऱ्या गायींना कुजलेल्या हाडांतून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते, तेव्हा अहवालाची वाट न पाहता माळावरील हाडे गोळा करून खोल पुरावीत आणि जंतांसाठी शेणाची तपासणी करून घ्यावी.

दरवर्षी पाकीट बदलण्यापेक्षा मी आधी रोज किलोभर सरकीची ढेप सुरू करीन. तिच्यातून प्रथिने आणि स्फुरद दोन्ही मिळतात. सोबत तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा), ३० ग्रॅम मीठ आणि भारतीय मानक १६६४ प्रमाणे बनवलेले खनिज मिश्रण दररोज सुमारे ५० ग्रॅम द्यावे. मिश्रणात कशाचे प्रमाण वाढवायचे, हे दोन्ही अहवाल हाती आल्यावर पशुवैद्यकांशी बोलून ठरवावे.

प्रश्न : गायींसाठी आणलेले हेच मिश्रण मेंढ्यांना चालेल का?
– एक मेंढपाळ, यवतमाळ जिल्हा

उत्तर : चालणार नाही. मेंढीच्या यकृतात तांबे साचत जाते आणि गायीला मानवणारे प्रमाण तिला हळूहळू विषारी ठरू शकते. मेंढ्यांसाठी वेगळे बनवलेले मिश्रणच घ्यावे. आधीच दिले असल्यास ते बंद करावे, आणि डोळे पिवळे किंवा लघवी गडद तांबूस दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे.