विमान उलाळ का होतं, आणि दोष कुणाचा

ताई, तुमचा मुलगा मुंबई विमानतळावर सहारला कार्गोच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करून माल चढवतात-उतरवतात तिथे, लोडर म्हणून लागलाय, आणि नाक वर करून शेपटीवर बसलेल्या मालवाहू विमानाचा व्हिडिओ बघून तुम्ही विचारलंत की ही लोडरची चूक असते का आणि पोराच्या जिवाला कितपत धोका आहे. मी याच रॅम्पवर २३ वर्षं काढली. आधी लोडर, मग सुपरवायझर. त्यामुळे जरा लांब लिहितो.

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, गाडी उलाळ होते. विमानाचंही तसंच. सगळा भार पंखांखालच्या मोठ्या चाकांवर तोललेला असतो आणि पुढचं चाक त्यातला थोडासाच वाटा उचलतं. वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे सरकला की नाक उचलणारच. म्हणून चढवताना आधी पुढे भरायचं आणि उतरवताना आधी मागचं काढायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

पण काही विमानांत हा नियम सरळ पाळता येत नाही. ७७७ किंवा ७४७ मालवाहू विमानाचं बाजूचं मोठं दार पंखांच्या मागे असतं. प्रवासी विमानातून मालवाहू केलेल्या ७३७चं दार मात्र पुढे, कॉकपिटच्या जवळ. तिथे दाराजवळची पॅलेट, म्हणजे माल रचून बांधलेले सपाट पत्रे, काढल्याशिवाय मागची बाहेर येऊच शकत नाहीत. म्हणजे पुढचा भाग रिकामा आणि मागचा भरलेला, अशी वेळ दर फेरीला येते. त्यासाठी शेपटीखाली टेल स्टँड, म्हणजे आधाराचा खांब, लावतात आणि पोटातला मागचा होल्ड (सामानाचा कप्पा) आधी मोकळा करतात.

एका जुलैतली रात्र मला अजून लख्ख आठवते. पाऊस आडवा येत होता, विमान दीड तास उशिरा आलेलं, माल घ्यायला आलेल्यांचे फोनवर फोन. टेल स्टँड दुसऱ्या विमानाच्या जागेवर अडकलेला आणि मागच्या होल्डसाठी बेल्ट लोडर, म्हणजे सरकत्या पट्ट्याची गाडी, यायचा होता. वरून निरोप आला, 'स्टँड येतोय, तुम्ही सुरू करा.' आणि मी सुरू केलं. तो निर्णय माझा होता. तीन पॅलेट उतरली. चौथं हाय लोडरवर (दारापर्यंत उचलणाऱ्या गाडीवर) आलं तेवढ्यात खाली चाकांना लावलेल्या चोकपाशी, म्हणजे अडणीपाशी, उभा असलेला लांज्याचा एक पोरगा ओरडला, 'दादा, पुढचं चाक बघा!' चाकाच्या वरच्या दांड्याचा जो चकचकीत भाग असतो, तो एरवी वीतभर दिसायचा. तेव्हा हातभर बाहेर आला होता. टायर जमिनीला जेमतेम टेकलेलं. मी हात वर करून सगळं थांबवलं. आत मागच्या बाजूला दोघं जण होते, त्यांना पळू नका, सावकाश पुढे या म्हटलं. लोडरवरचं पॅलेट होतं तसं आत ढकलून लॉक केलं. दांडा हळूहळू परत आत बसताना दिसला तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. स्टँड यायला आणखी २० मिनिटं लागली, पण तोवर एकही पॅलेट हलवलं नाही.

तो पोरगा कामाला लागून चार महिने झाले होते. माझी तोवर १४ वर्षं झालेली, आणि दिसलं त्याला.

आता दोष कुणाचा? माल चढवताना लोडशीट, म्हणजे कुठे किती वजन ठेवलं त्याचा कागद, असते, वजनाचा हिशेब असतो, कॅप्टनची सही असते. उतरवताना मात्र 'आता काय, रिकामंच करायचंय' म्हणून सगळे सैल होतात. मी पाहिलेले शेपटीचे बहुतेक घोटाळे उतरवतानाच झाले. सामान वेळेवर न देणं आणि वरून घाई करणं, हे लोडरच्या माथी मारणं मला कधीच पटलं नाही.

शेपटीवर बसलेलं विमान निदान जमिनीवर असतं. खरी भीती पॅलेट जागेवर धरून ठेवणाऱ्या, पण न लागलेल्या लॉकची. एक मोठं पॅलेट २४४ बाय ३१८ सेंटिमीटरचं, मालासकट ६,८०४ किलोपर्यंत जातं. विमानाच्या फरशीतल्या रोलरवर ते दोन माणसं हलवू शकतात, म्हणजे लॉक नसेल तर उड्डाणाच्या चढावर ते स्वतःच हलेल. ७ ऑगस्ट १९९७ला अमेरिकेत मायामीला फाइन एअर कंपनीचं डीसी-८ मालवाहू विमान उडताच कोसळलं, ५ माणसं गेली. वजन ठरल्यापेक्षा मागे पडलं होतं आणि अवशेषांत बरीच लॉक न लावलेली सापडली. २९ एप्रिल २०१३ला अफगाणिस्तानात बग्रामहून उडालेल्या ७४७मध्ये लष्करी चिलखती गाड्या होत्या. एक सुटून मागे गेली, तिने हायड्रॉलिक आणि शेपटीची यंत्रणा तोडली, सातही जण गेले. चौकशीत निघालं की असा अवजड माल कसा बांधायचा याची कंपनीची पद्धतच अपुरी होती. पट्टे आवळणाऱ्यांनी त्यांना शिकवलं तसंच आवळलं होतं.

मुंबईचा पाऊस हे वेगळंच प्रकरण. रिकामा कंटेनर ७०-८० किलोचा, पण डॉलीचं, म्हणजे तो ठेवायच्या चाकांच्या गाड्याचं, लॉक नसेल तर वाऱ्याने रॅम्पभर घरंगळतो आणि वाटेत माणूस आहे की इंजिन हे त्याला कळत नाही. पुठ्ठ्याची खोकी भिजली की वजन वाढतं आणि खालचा थर बसतो. मग नेट सैल पडतं. प्लास्टिक फाटलेलं पॅलेट मी नेहमी परत वजनाला पाठवायचो. लोक वैतागायचे.

धक्का लागला तर सांगायचं, हे मात्र मुलाला घोकायला लावा. २६ डिसेंबर २००५ला सिॲटलमध्ये एका एमडी-८३ प्रवासी विमानाला रॅम्पवरच्या माणसाकडून गाडी घासली आणि तो बोलला नाही. विमान २६,००० फुटांवर असताना तिथेच भोक पडलं आणि केबिनमधला हवेचा दाब गेला. सुदैवाने सगळे सुखरूप परतले. ७८७सारख्या विमानाचं अंग तर कंपोझिटचं, म्हणजे धाग्यांचे थर चिकटवून केलेलं, पत्र्यासारखा पोचा पडेलच असं नाही. वरून काही दिसत नाही, पण आतून थर सुटलेले असू शकतात. माझ्या हाताखालच्या कुणी येऊन 'लागलं' म्हटलं, तर मी आधी त्याला चहा द्यायचो, मग इंजिनियरला बोलवायचो. एकदा ओरडलात तर पुढच्या वेळी कुणी येत नाही.

झोपेचंही बघा. डिसेंबर २०२१मध्ये इथलाच एक लोडर सामान भरता भरता होल्डमध्ये झोपला आणि विमान अबू धाबीला उतरल्यावर सापडला. जिवंत होता. लोक त्याला हसले, मला हसू आलं नाही. लागोपाठ शिफ्ट केल्यावर त्या उबदार अंधारात डोळा कसा लागतो, ते मला ठाऊक आहे.

म्हणून नाईटनंतर तो घरी आला की त्याला दुपारी उठवू नका, पाहुणे आले तरी. पुढे लोखंडी टोपी असलेले बूट कंपनीने दिलेत का आणि मापाचे आहेत का, तेही विचारा. मोठ्या मापाचे असतील तर आजच बदलून मागायला सांगा. रोलरवर पाय सटकतो तो सैल बुटानेच. आणि 'स्टँड येतोय, सुरू करा' असं कुणी म्हटलं तर काय करायचं हे त्याला माझ्याकडून ऐकायचं असेल, तर मला इथे निरोप टाकू दे. मी मरोळलाच राहतो, शिफ्ट सुटल्यावर भेटेन.