उरलेली उद्याला

"मॅडम, ह्याला येडेपणा म्हणावं का?" लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न सारखा येतो. कुणी गेलेल्या लेकासाठी पणती लावतं, कुणी आईच्या फोटोपुढे मेणबत्ती, आणि घरचे म्हणतात, आता पुरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरची माणसं गमावलेल्या एका आजोबांनीही मला हेच विचारलं होतं. म्हणून ही एक हकीकत, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

औसा तालुक्यातल्या मावशी. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. मुलगा वैतागून घेऊन आला. "रोज सांजंला मेणबत्ती लावती अन् संपेस्तोवर तिथंच बसती. जेवण नाही, झोप नाही. बंद करायला सांगा."

मी तसं सांगितलं नाही. गेलेल्या माणसाचा धागा तोडला की दुःख सरतं, असं पूर्वी आमच्या क्षेत्रात मानत. १९९६ मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी वेगळं मांडलं: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. मी ठामपणे त्याच मताची आहे. मूल गमावलेले आईबाप १९९७ पासून डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सातला देशोदेशी मेणबत्त्या लावतात, हे ऐकल्यावर मुलगा जरा सैलावला.

मावशींना विचारलं, "समई का नाही लावत?"

"समई देवाची. मेणबत्ती आम्हा दोघांची हाय."

लोडशेडिंगच्या दिवसांत लाईन गेली की ते वाटी पालथी घालायचे, तिच्यावर मेणाचे दोन थेंब पाडून मेणबत्ती दाबून धरायचे. मग ओसरीत दोघं जेवायला बसायची. दिवसभर गप्प असणारा माणूस तेवढ्या उजेडात बोलायचा.

तीन-चार भेटी आम्ही बोलण्यातून त्या ओसरीतच होतो. एकदा मी सहज विचारलं, "आणि लाईन आल्यावर?"

त्या थांबल्या. हाताचा पंजा ज्योतीआड धरावा तसा वर आला आणि तसाच राहिला.

"ते फुकायचे. दिव्याला फुंकर मारू नये म्हणून म्या ओरडायची. तर म्हणायचे, उरलेली उद्याला होईल."

मग त्या पदरात तोंड घालून खूप रडल्या. मी एक शब्दही बोलले नाही. या कामात गप्प बसणं मला फार उशिरा जमलं, आणि त्या दिवशी ते कामी आलं. अडचण मेणबत्ती लावण्यात नव्हतीच, मालवण्यात होती. आपल्या हातानं मालवली तर आपणच त्यांना घालवलं, अशी धास्ती आत बसलेली. परवानगी मी देऊन भागणार नव्हतं. ती त्यांच्या नवऱ्यानंच कधीची देऊन ठेवली होती.

घरच्यांना माझं सांगणं एवढंच की ज्योत हिसकावू नका. शेजारी बसा, त्या माणसाबद्दल विचारा. वेळ मात्र ठरवून घ्या. पेटती ठेवून झोपू नका, पडदा आणि पदर लांब ठेवा. जेवण-झोप सुटली असेल, विझेल या भीतीनं घराबाहेर पडणं थांबलं असेल, तर मदत घ्यायला उशीर नको. जगणं नको असं बोलणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या खेपेला मावशी एकट्याच एसटीनं आल्या. "जेवण होईस्तोवर ठेवते, मग फुकते. तुकडा दिवळीत काडेपेटीपाशी ठेवलाय. चार दिवस झाले, अजून हाय."