वाचकांचे प्रश्न : प्रवासलेखनावर घर चालेल का?

प्रश्न : मी रत्नागिरी येथे एका पतसंस्थेत नोकरी करते आणि काही वर्षांपासून कोकणातील प्रवासाविषयी मराठीत ब्लॉग लिहिते. महिन्याला साधारण 12,000 वाचने होतात. जाहिरातींचे पैसे मात्र गेल्या वर्षात एकदाच, 9,500 रुपयांच्या आसपास, खात्यात जमा झाले. महिना 30,000 रुपये सुटू लागले तर नोकरी सोडावी, असे मनात आहे. त्यासाठी उत्पन्नाचे आणखी कोणते मार्ग धरावेत? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू. वर्षाला 1,44,000 वाचनांमागे 9,500 रुपये, म्हणजे हजार वाचनांमागे सुमारे 66 रुपये पडले. याच दराने महिना 30,000 मिळवायचे तर महिन्याला साडेचार लाख वाचने लागतील. ॲडसेन्सवर, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेवर, साठलेली रक्कम 100 डॉलरपर्यंत पोहोचल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, त्यामुळे ते वर्षातून एकदाच आले यात नवल नाही. जाहिराती ठेवाव्यात, परंतु त्यातून डोमेन आणि होस्टिंगचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले, असे समजून पुढचा विचार करावा.

दुसरा मार्ग सर्वजण सुचवतात तो ॲफिलिएट दुव्यांचा. तुमच्या दुव्यावरून वाचकाने हॉटेल आरक्षित केले किंवा सामान खरेदी केले, तर कंपनी त्यावर कमिशन देते. हॉटेलचे कमिशन बहुधा मुक्काम पार पडल्यावरच पक्के होते, आणि ॲमेझॉनच्या दुव्याची मुदत साधारणपणे 24 तासांची असते, म्हणजे दुवा उघडल्यापासून तेवढ्या वेळात झालेली खरेदीच धरली जाते. कोकणापुरती यात एक मोठी अडचण आहे. ज्या घरगुती निवासांची माहिती लोक तुमच्याकडे शोधतात, त्यांतील बहुतेकांचे आरक्षण मालकाला फोन करून किंवा व्हॉट्सॲपवर होते. वाचक तुमचा लेख वाचतो, थेट काकूंना फोन लावतो, सोलकढी आहे का आणि गाडी लावायला जागा आहे का ते विचारतो आणि दोन खोल्या धरतो. लेखाचे काम झाले, पण तुमच्या खात्यात काहीच आले नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत खरे पैसे पानापेक्षा त्या पानाने सिद्ध केलेल्या जाणकारीत आहेत. मुंबई-पुण्याच्या किंवा परदेशातून सुट्टीवर आलेल्या मराठी कुटुंबाला वर्णन नको असते, निर्णय हवा असतो. सोबत आजी आहेत आणि लहान मूल आहे, हाताशी चार दिवस आहेत. अशा वेळी मालवणला मुक्काम करून देवगड आणि विजयदुर्ग एका दिवसात उरकावे की देवगडलाच एक रात्र काढावी? पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, तर त्या दिवशी मुलांना कुठे न्यावे? कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू झाल्यावर कोणती गाडी सोयीची पडते? अशा प्रश्नांची कुटुंबागणिक उत्तरे देणाऱ्या सहल-आराखड्यासाठी लोक पैसे मोजतात. एका आराखड्याला 1,500 रुपये घेतले आणि महिन्याला आठ झाले, तरी 12,000 होतात. एवढे मिळवण्यासाठी जाहिरातींवर जवळपास एक लाख ऐंशी हजार वाचने लागली असती. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतील, त्यांची पुढे पीडीएफ पुस्तिका करून विकता येईल. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे तिन्ही किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आहेत, तेव्हा किल्ल्यांच्या पुस्तिकेपासून सुरुवात करणे रास्त ठरेल.

या जोडीला निवास चालवणाऱ्यांसाठी मजकूर लिहून देणे आणि छायाचित्रे काढून देणे हे काम नियमित मिळू शकते. त्यात पथ्य एकच : ज्यांच्याकडून कामाचे पैसे घेतले, त्यांच्या निवासाची शिफारस स्वतःच्या ब्लॉगवर करू नये.

उत्पन्नाचे मार्ग मोजताना ते कशावर अवलंबून आहेत हेही पाहावे. जाहिराती आणि ॲफिलिएट हे दोन्ही गूगल शोधातून येणाऱ्या वाचकांवर चालत असतील, तर ते एकाच विहिरीवरचे दोन रहाट आहेत. मार्च 2020 मध्ये प्रवास थांबला तेव्हा आरक्षणाचे कमिशन आटले. सप्टेंबर 2023 मध्ये गूगलने शोधाचे निकष बदलले तेव्हा अनेक स्वतंत्र प्रवास-ब्लॉगांचे वाचक घटले. आणि आता तर शोधाच्या पानावरच यंत्राने तयार केलेले उत्तर वाचून माणूस परत फिरतो. त्यामुळे वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने गोळा करून महिन्यातून एक पत्र पाठवण्यास आजच सुरुवात करावी. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, तेव्हा गणपतीच्या पत्राची वेळही त्यावरून ठरवता येईल.

नोकरीविषयी माझे मत स्पष्ट आहे. जून ते सप्टेंबर हे मंदीचे महिने धरून वर्षभराची सरासरी 30,000 आली, तरच राजीनाम्याचा विचार करावा. मे महिन्याची किंवा दिवाळीच्या सुट्टीची कमाई पाहून तो निर्णय घेऊ नये.

प्रश्न : एका रिसॉर्टने दोन रात्री मोफत राहण्याच्या बदल्यात लेख मागितला आहे. मुक्काम मोफत होता हे लिहिले तर लेखाचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लिहावेच लागेल, आणि तेही लेखाच्या सुरुवातीला, सहज दिसेल असे. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे 2021 पासून हेच सांगतात. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय मोफत मुक्काम हे करदृष्ट्या उत्पन्नच आहे. एकाच व्यावसायिकाकडून वर्षभरात मिळालेल्या अशा लाभांची किंमत 20,000 रुपयांच्या वर गेल्यास 10 टक्के करकपातीची तरतूद जुलै 2022 पासून लागू आहे. लहान व्यावसायिकांना ही कपात करण्यातून सूट असली तरी तुम्हाला हे उत्पन्न प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावेच लागते. जे रिसॉर्ट लपवायला सांगते, ते लेखातील दोषही गाळायला सांगेल. मी असतो तर नकार कळवला असता.

प्रश्न : माझ्या ब्लॉगचे वाचक मला शुल्क घेऊन ट्रेक आयोजित करायला सांगतात. चालेल का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : मित्रांना घेऊन हरिश्चंद्रगडावर जाणे वेगळे आणि शुल्क घेऊन अनोळखी माणसांची जबाबदारी स्वीकारणे वेगळे. महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. प्रशिक्षित नेता, प्रथमोपचार आणि विमा यांचा खर्च धरूनच शुल्क ठरवावे आणि नोंदणी हाती येईपर्यंत ट्रेकची तारीख ब्लॉगवर जाहीर करू नये.