आकाशातली तबकडी की ढगातले देवदूत?

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एका जुन्या चित्राचा फोटो फिरतोय. आकाशातल्या गोल तबकडीतून निघालेला किरण थेट मरियेच्या डोक्यावर पडतो. चित्र १४८६ सालचं आहे म्हणतात. तेव्हाही उडत्या तबकड्या दिसत होत्या का? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : साल बरोबर आहे, पण फोटो अर्धवट आहे. हे कार्लो क्रिवेल्लीचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. विषय बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातला : गॅब्रिएल दूत मरियेला येशूच्या जन्माचा निरोप देतो. गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र उघडा आणि ‘तबकडी’वर झूम करत जा. ढगांचं कडं दिसेल आणि त्यात दाटीवाटीने बसवलेले चिमुकले देवदूत. किरण तिथून निघतो, भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या छिद्रातून आत येतो, आणि मरियेच्या डोक्याजवळ त्याच किरणात एक पांढरं कबूतर आहे. ते पवित्र आत्म्याचं चिन्ह. फिरणाऱ्या फोटोत नेमका बाहेर गुडघे टेकलेला दूत कापलेला असतो. शिवाय मूळ चित्र दोन मीटरहून थोडं उंच. तेवढं मोबाइलवर बोटभर झालं आणि फोटो दहा वेळा फॉरवर्ड होऊन फुटला, की देवदूतांचे चेहरे एकमेकांत मिसळतात आणि धातूची कड असल्यासारखं वाटू लागतं.

दूताच्या शेजारी संत एमिदियुस इटलीतल्या आस्कोली शहराची छोटी प्रतिकृती हातात धरून उभा आहे, तोही पाहा. पोपने १४८२ साली या शहराला स्वराज्याचे काही हक्क दिले. ती बातमी शहरात पोचली २५ मार्चला, म्हणजे याच निरोपाच्या सणादिवशी. आस्कोलीकरांसाठी वरून आलेला तो किरण किती अर्थाचा होता, हे एवढ्यावरून कळतं. तबकडी म्हटलं की हे सगळं हातचं जातं, आणि आमची खरी हळहळ त्याचीच आहे.

प्रश्न : इटलीतल्या एका चर्चमध्ये स्पुटनिकसारखा उपग्रह रंगवला आहे, अँटेनासकट. त्याचं काय? – एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : ते मोंताल्चिनोचं, बोनाव्हेंतुरा सालिंबेनीचं चित्र, सुमारे १६०० सालचं. वरच्या भागात पवित्र त्रैक्य आहे : एका बाजूला पुत्र, दुसऱ्या बाजूला पिता, वर कबूतर. मधला गोल म्हणजे देवाने निर्माण केलेलं विश्व. म्हणूनच त्यावर सूर्य-चंद्रही आहेत. ‘अँटेना’ हे दोघांच्या हातातले राजदंड. त्यांची दुसरी टोकं कोणाच्या मुठीत आहेत ते पाहिलंत की शंका उरणार नाही. बाल येशूची रूढ मूर्ती नाशिककरांना परिचयाची आहे. तिच्या डाव्या हातातला क्रूस लावलेला गोल याच कुळातला.

अशा प्रत्येक फोटोला एकच क्रम लावा. आधी गुगल लेन्सने पूर्ण चित्र आणि ते कुठे आहे ते शोधा. मग विषय ओळखून बायबलमधला उतारा वाचा. शेवटी त्याच विषयाची त्याच शतकातली आणखी चार-पाच चित्रं शेजारी ठेवा. वस्तू सगळीकडे त्याच जागी दिसली, तर ती चित्रकारांची रूढी आहे. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. गोल तबकडीची कल्पना लोकांच्या मनात पक्की बसली ती १९४७ नंतर, केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने अनोळखी उडत्या वस्तू पाहिल्याच्या बातमीने. त्याआधीच्या चित्रांत ती आपणच शोधतो.

प्रश्न : फातिमाला नाचलेला सूर्य म्हणजे यानच होतं, असा व्हिडिओ पाहिला. खरं का? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : पोर्तुगालमधल्या फातिमा गावी १३ ऑक्टोबर १९१७ रोजी हजारोंच्या जमावातल्या अनेकांनी सूर्य फिरताना, रंग बदलताना पाहिल्याचं सांगितलं. जाक व्हाले यांच्यासारख्या उडत्या तबकड्यांच्या अभ्यासकांनी पुढे त्याची तबकड्यांच्या वर्णनांशी तुलना केली. चर्चने १९३० साली फातिमाला झालेली मरियेची दर्शनं विश्वासार्ह मानली. सूर्याकडे टक लावली की दृष्टिपटलावरच्या पेशी थकतात, रंगीत डाग तरळतात आणि बिंब हलल्यासारखं वाटतं. जमावाच्या अनुभवातला काही भाग तरी यातून समजतो. मात्र घाटावर उभं राहून हा प्रयोग करू नका. असं पाहून दृष्टिपटल भाजलेल्या भाविकांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या वेळी दुखत नाही, म्हणून इजा उशिरा लक्षात येते. नजरेच्या मधोमध डाग राहिला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.